लक्षात राहील तेवढंच

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा दिवसा दातांच्या कवळ्या बनवायचा आणि संध्याकाळी कादंबरी लिहायचा. कवळ्या वेळेवर जायच्या. कादंबरी मात्र त्यांच्या लग्नाच्या आधीपासून चालू होती, आणि ती कधी संपेल असं आमच्यात कोणालाच वाटत नव्हतं, एक ताई सोडून.

मी त्यांना भावोजी म्हणते. लॅबमधली मंडळी त्यांना 'लेखक' म्हणायची, अर्थात टोमणा म्हणून. "लेखक, मेण वितळलं का बघा जरा." "लेखक, म्हातारबुवांची खालची कवळी परत आलीय, हलते म्हणतात." भावोजी हसायचे. त्यांना राग म्हणून येत नसे, आणि मला नेमका त्याचाच राग येई. दिवसभर समोर प्लास्टरचे जबडे मांडून मेणात एकेक दात रोवत बसायचं, आणि ज्याच्या तोंडात तो जाणार त्याचं तोंड कधी बघायचं नाही, असं ते काम. दवाखान्यातून फक्त साचा यायचा. मग घरी आले की भुवयांवरची पांढरी धूळसुद्धा न झटकता हे सुरू व्हायचे, "आज ज्याचा साचा आला ना, त्या माणसाने जन्मभर दातओठ खाल्लेत. दाढा पार सपाट झाल्यात." मी म्हणायची, "भावोजी, आधी तोंड धुवा." ताई म्हणायची, "सांगू दे गं. कोणावर चिडला असेल रे तो?"

ताई त्यांना चारचौघांत 'अरे' म्हणायची. आमच्या आईला ते शेवटपर्यंत पचलं नाही.

ताई स्वतः एका मोठ्या कारखान्यात टेलिफोन बोर्डवर होती. कानाला यंत्र लावून दिवसभर ह्याला त्याच्याशी जोडून द्यायचं. तिची स्मरणशक्ती हा आमच्या घरात चेष्टेचा विषय होता. आवाज एकदा ऐकला की तो तिच्या डोक्यात कायमचा. निवृत्त झाल्यावरसुद्धा, दुकानात मागून कोणी "जरा सरकता का" म्हटलं, तर ही मान न वळवता विचारणार, "रंग विभागातले ना तुम्ही? आईचं ऑपरेशन झालं होतं, कशी आहे आता?" माणूस गारच पडायचा. माझं पडदे शिवायचं दुकान त्यांच्या घराच्या बरोबर खाली आहे. गिऱ्हाइकाने मागच्या वर्षी कुठलं कापड नेलं ते मला आठवलं नाही की मी जिन्यात उभी राहून ताईला हाक मारायची.

तर भावोजींची अख्खी कादंबरी ह्या स्मरणशक्तीवर उभी होती. त्यांची एक तऱ्हा होती. हा बाबा आधी लिहायचाच नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, ताई वाटाणे सोलत असायची किंवा कांदा चिरत असायची, तेव्हा तिला प्रकरण तोंडी सांगायचा. ती मध्ये बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळी तिची. कालचं प्रकरण तिने परत सांगायचं. तिच्या लक्षात जे राहिलं ते कागदावर जायचं. जे ती विसरली ते कच्चं, असं समजून तिथल्या तिथे बाद. "हिच्यासारख्या बाईच्या लक्षात राहिलं नाही, तर ते लक्षात राहण्यासारखं नव्हतंच," असं त्यांचं म्हणणं. पुढे कधी शंका आली तर मागच्या एखाद्या प्रकरणाचीही अशीच परीक्षा व्हायची, आणि त्यात नापास झालं तर लिहिलेले कागदसुद्धा फाडले जायचे. मी एकदा म्हटलं होतं की नवरा-बायकोच्या गप्पांना एवढे नियम कशाला. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या देवघरात चपला घालून शिरले.

मूल झालं नाही त्यांना. त्याबद्दल दोघं माझ्यासमोर कधी बोलले नाहीत, आपापसात बोलले असतील तर मला ठाऊक नाही. पण कादंबरीत एक मुलगी होती. खारूताई. फ्रॉकच्या खिशात कायम काहीतरी लपवून ठेवणारी म्हणून खारूताई. तिचा एक मोजा नेहमी घसरलेला असायचा, आणि खोटं बोलायची वेळ आली की ती आधी गुणगुणायला लागायची. शेवटी तिला ताप येतो. बाप म्हणतो, साधा ताप आहे, उतरेल. डॉक्टरला उशिरा बोलावतो आणि ती जाते. हे सुरुवातीपासूनच ठरलेलं होतं. नुसता बेत थोडक्यात ऐकला तेव्हाच ताई रडली होती, आणि डोळे पुसून म्हणाली होती, "असंच ठेव, बदलू नकोस." खारूताईच्या बापाचा सगळा पसारा, म्हणजे त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, त्याचे भाऊ, नदीपलीकडची शाळा, हे सगळं तिच्याभोवती रचलेलं होतं. भावोजींच्या ओळखीच्या एका प्रकाशकाने त्यातली काही प्रकरणं वाचली होती. "पुरी करा, मी छापतो," असा त्याने शब्द दिला होता. भावोजींसारख्या माणसाला आयुष्यात हे एकदाच ऐकायला मिळतं.

आणि नेमकं तेव्हाच लिखाण बिघडलं. म्हणजे त्यांना तसं वाटलं.

ते प्रकरण सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी ताईला ते धड आठवायचं नाही. मधलंच काहीतरी आठवायचं, किंवा शेवट, किंवा काहीच नाही. नियम म्हणजे नियम, प्रकरण बाद. ते नव्याने सांगायचे, अधिक जोर लावून. तेही जायचं. मग मागच्या प्रकरणांवर संशय आला. त्यांची परीक्षा घेतली, तर घड्याळ दुकानाची सगळी प्रकरणं ताईच्या डोक्यातून पुसलेली. भावोजींनी ती फाडली. नदीपलीकडची शाळा गेली. बापाच्या भावांची भांडणं गेली. मी दुकानाचं शटर उघडत असताना ते फाटक्या कागदांची पिशवी घेऊन खाली उतरायचे आणि कोपऱ्यावरच्या कचरापेटीत ती टाकून तसेच लॅबला जायचे. "सगळा भुसा होता," मला म्हणाले. "इतकी वर्षं मी भुसा लिहीत होतो, आणि ती बिचारी भिडेखातर लक्षात ठेवत होती." माणूस वाळत चालला होता. लॅबमध्येही त्यांचं चित्त नव्हतं, एका बाईंच्या नावाने दुसऱ्याच कोणाची कवळी पाठवली.

ताई एक दिवस खाली येऊन माझ्या शिलाई मशीनजवळ बसली. माझ्या हातातल्या पडद्याच्या कापडाचा रंग तिने मला विचारला, मी सांगितला. थोड्या वेळाने परत विचारला. मग म्हणाली, "मी नीट ऐकत नाही गं हल्ली. तो एवढा जीव तोडून सांगतो आणि माझं लक्षच लागत नाही. मग तो फाडतो. मी खोटं सांगू का त्याला, आठवतंय म्हणून?"

"सांग की," मी म्हटलं. "बाकीच्या बायका कशा करतात?"

"तो लगेच ओळखेल. पुढचं विचारेल." आणि तिने परत कापडाचा रंग विचारला.

मी हातातलं काम टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं. भावोजी लॅबमधून परस्पर आले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, वागायला चांगल्या. त्यांनी ताईला काही साधे शब्द सांगितले, मध्ये इकडचं तिकडचं विचारलं आणि मग ते शब्द परत म्हणायला सांगितले. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग बोर्डवरच्या आवाजात म्हणाली, "लाइन लागत नाहीये, थोड्या वेळाने प्रयत्न करा." डॉक्टरीणबाई हसल्या. आम्ही दोघं हसलो नाही.

हे कधीपासून चाललंय, असं त्यांनी भावोजींना विचारलं. भावोजी म्हणाले, "मला वाटलं, प्रकरणं जमत नाहीयेत." डॉक्टरीणबाईंना अर्थातच काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, लवकर आणलं असतंत तर औषधांनी ह्याचा वेग थोडा कमी करता आला असता. आता जे होईल ते बघायचं. बाहेर आल्यावर भावोजी जिन्यात खाली बसले, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेतच. "म्हणजे ती प्रकरणं चांगली होती," एवढंच म्हणाले. मला तेव्हा त्यांचा इतका संताप आला की एक थोबाडीत ठेवून द्यावी असं वाटलं. माझी बहीण चाललीय आणि ह्यांना प्रकरणांचं पडलंय. मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि संताप तिथेच राहिला. ते दोन्हींसाठी रडत होते, आणि दोन्ही त्यांना वेगवेगळं करता येत नव्हतं.

"फाडलंत ते परत लिहा," मी घरी आल्यावर म्हटलं.

"मला कुठे पाठ आहेत? पाठ तिला असायची."

त्यानंतरचा काळ मी आठवू म्हटलं तरी सलग आठवत नाही. भावोजींनी लॅबमधलं काम अर्ध्या दिवसावर आणलं. दुपारपर्यंत मी वर-खाली करायची, दुपारनंतर ते. ताईचं रोजचं सगळं हळूहळू गळत गेलं, आधी शेजारी, मग रस्ते, मग बटणं. एक खारूताई तेवढी राहिली. कारखान्याचं नाव विचारलं तर सांगता यायचं नाही, पण खारूताईच्या खिशात काय काय होतं ते घडाघडा म्हणायची. भावोजींना त्याचाच आधार वाटला. बाकी सगळं जाऊ दे, मुलीची गोष्ट तेवढी पुरी करू, छोटं पुस्तक होईल, प्रकाशकाला ते चालेल, असं त्यांनी ठरवलं. फक्त शेवट राहिला होता. आणि तो नियमाप्रमाणे आधी ताईला सांगायला हवा होता.

"नका सांगू," मी म्हटलं. "सरळ कागदावर लिहा आणि मोकळे व्हा."

"तसं कधी लिहिलं नाही मी," ते म्हणाले. "येणार नाही मला."

त्यांनी सांगितला. मी तिथेच होते, वाटाणे आता मी सोलत होते. खरं सांगायचं तर माझ्याही हातातली शेंग तशीच राहिली. ताप, ओल्या फडक्याची घडी, बापाचं ते "उतरेल गं", आणि घसरलेला मोजा वर ओढायला गेलेला हात. ताई शांतपणे ऐकत होती. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, सुटलो, सकाळपर्यंत विसरेल.

सकाळी भावोजी धावत खाली आले. पायात चप्पल नाही, पण चेहरा असा उजळलेला की मी तो कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. "लक्षात राहिलं तिच्या," म्हणाले. "सगळं. शब्दनशब्द." आणि मग त्यांनी काय बोललो ते स्वतःच ऐकलं असावं. वरून ताईचा आवाज येत होता. आम्ही वर गेलो तर ती जमिनीवर बसून रडत होती, आमची आई गेली तेव्हा रडली होती तशी. भावोजींना बघून म्हणाली, "माझ्या पोरीला मारलंस तू. साधा ताप म्हणालास. डॉक्टरला बोलावलं नाहीस वेळेवर."

  ती चुकीचं असं काहीच म्हणत नव्हती.

पुढे रोज सकाळी तेच. बाकी सगळं विसरणारी बाई हे विसरेना. उठायची ती पोर गेल्याचं घेऊनच. जेवण सुटलं. मी तिला खांद्याला धरून सांगून बघितलं, "ताई, गोष्ट आहे ती, तुला मूल नाही." तर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की पुन्हा माझी छाती झाली नाही. शेवटी एका संध्याकाळी भावोजी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी शेवट बदलला. डॉक्टर वेळेवर आले. पहाटे घाम फुटला, ताप उतरला. पोरीने उठल्या उठल्या खायला मागितलं. आता ती शाळेत जाते.

ताईने डोळे पुसले. "मग घरी कधी येते?" तिने विचारलं.

"संध्याकाळी," भावोजी म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि त्यातून जे लचांड मागे लागलं ते आमच्याने निस्तरलं नाही.

कारण संध्याकाळ रोज होते. शाळा सुटायच्या सुमाराला ताई खिडकीशी जायची. रस्त्यावरून दप्तरं घेतलेल्या पोरी जायच्या, त्यांतली एकही आमच्याकडे वळायची नाही. ताई टेबलावर तिसरं ताट ठेवून परत खिडकीशी. अंधार पडायला लागला की तिला घाम फुटायचा. मग भावोजी सांगायला बसायचे, आज तिला उशीर का झाला ते. चपलेचा बंद तुटला आणि चांभार नेमका जेवायला गेला होता. नाटकाची तालीम आहे, ती झाड झालीय, झाडाला शेवटपर्यंत उभं राहावं लागतं. मैत्रिणीच्या घरी मांजर व्यायलीय, पिल्लं मोजताना दर वेळी एक कमी भरतं, म्हणून सगळ्या पोरी शोधत बसल्यात, आणि ते एक पिल्लू कोणाच्या खिशात आहे हे तुला वेगळं सांगायला नको. ताई हसायची. ऐकता ऐकता दोन घास खायची आणि झोपायची. तिसरं ताट मी धुऊन ठेवायची, न वापरलेलं.

मी काही वाचणारी बाई नाही. पण एवढं मला कळत होतं, की इतक्या वर्षांत ह्या माणसाने टेबलाशी जे जे सांगितलं त्यात हे सगळ्यात चांगलं होतं. "हे लिहून ठेवा," मी एकदा भांडी विसळता विसळता म्हटलं.

"उद्या तिच्या लक्षात राहिलं तर लिहीन," भावोजी म्हणाले. चेष्टा करतात की काय म्हणून मी वळून बघितलं. चेष्टा नव्हती. आणि ताईच्या लक्षात राहायचं फक्त एवढंच, की पोर आलेली नाही. का आली नाही ते दुसऱ्या दिवशी नव्याने रचायचं.

प्रकाशक स्वतः घरी आला एकदा. भला माणूस. भावोजींनी जुना शेवट ताई रडत होती त्या दिवसांत कसाबसा कागदावर उतरवलेला होता, ताईच्या आजारानंतर परीक्षेत पास झालेले बहुधा तेवढेच कागद. प्रकाशकाने तो खुर्चीत बसून वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "द्या मला. आजच नेतो." आतल्या खोलीत ताई खिडकीशी होती. भावोजींनी कागद त्याच्या हातातून परत घेतले.

"मुलगी जगते असं करून चालेल का?" त्यांनी विचारलं.

"मग पुस्तकात राहिलं काय?" प्रकाशक म्हणाला. ते खरंच होतं, आजूबाजूचं सगळं तर केव्हाच फाडून झालं होतं.

"नको मग," भावोजी म्हणाले. "तिकडे ती गेल्याचं छापून आलं, तर इकडे येतेय म्हणून मी कुठल्या तोंडाने सांगू?"

तो गेल्यावर मी खूप बोलले. ताई वाचू शकत नाही, पुस्तक हातात दिलं तर उलटं धरेल, जगात कोणाला काय फरक पडणार आहे, जन्म घातलात ह्यात, वगैरे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग ते कागद स्वयंपाकघरात नेऊन सिंकमध्ये जाळले, आणि ताईला धुराचा त्रास नको म्हणून पंखा लावला.

असं पुष्कळ दिवस चाललं. भावोजींनी लॅब कायमची सोडली. त्यांच्या हातून आता दात सरळ लागत नव्हते. ते घरात बसून दिवसभर संध्याकाळचं कारण शोधायचे. कधी कधी सुचायचं नाही, मग चपलेचा बंद परत तुटायचा. ताईच्या ते ध्यानात येत नसे. त्यांच्या यायचं, आणि मग ते जेवायचे नाहीत.

त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे दुकान बंद करून वर गेले. ताई खिडकीशी नव्हती. टेबलाशी बसून हाताची बोटं बघत होती. भावोजींना ते जाणवलं असेल, पण त्यांनी दाखवलं नाही. ताट मांडायला ती उठली नाही, म्हणून त्यांनीच मांडलं. माझं मी घरी जेवते. एक ताट तिचं, एक स्वतःचं, आणि तिसरं खारूताईचं. ताईने तिसऱ्या ताटाकडे बघितलं. उठली, ते उचललं आणि फळीवर नेऊन ठेवलं.

"दोघांना तीन कशाला?" ती म्हणाली.

भावोजी उभेच राहिले. त्यांच्या ओठांवर त्या दिवशीचं कारण तयार होतं, ते मला दिसत होतं. खिडकीबाहेर शाळेतल्या पोरी चालल्या होत्या, आवाज येत होता. मला राहवलं नाही. जन्मात ज्या बाईने त्यांचं एक प्रकरण नीट ऐकलं नाही, ती मी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "सांगा भावोजी, आज का उशीर झाला तिला?"

त्यांनी फळीवरच्या ताटाकडे बघितलं. मग म्हणाले, "गेली ती."

ताईने मान वर केली. कारखान्याच्या बोर्डवर अनोळखी माणसाशी बोलायची, तशा अदबीच्या आवाजात तिने त्यांना विचारलं, "तुमच्या जवळचं होतं का कोणी?"

"हो," भावोजी म्हणाले.

"बसा ना," ताई म्हणाली, आणि आपलं ताट तिने त्यांच्यापुढे सरकवलं. "थोडं खाऊन घ्या."

भावोजी बसले, आणि तिने वाढलं म्हणून जेवले.